चौघांचं मीठ

यंदा थंडीनं घाई केली. शेतातली कोबी, जिची तिखटमिठात मुरवून हिवाळाभराची किमची घालायची, अजून निघायची होती, आणि सकाळी उठून बघावं तर लांबट गड्ड्यांच्या पानांवर पांढरा कडक थर बसलेला. दोनदा वर ऊन पडलं म्हणून निभावलं. तिसऱ्यांदा असं झालं असतं तर गड्डे आतून गोठून सडले असते. रविवारची प्रार्थना आटोपून घरी येता येताच जेम्मानं ठरवून टाकलं आणि शहरात फोन लावला.

"सगळे उद्याच या. पुढच्या आठवड्याची वाट बघत बसलात तर किमची नाही, चिखल मिळेल खायला."

सगळे म्हणजे तिघं. माक्सिमो, ज्यानं उभा जन्म शहरात बस चालवली आणि आता निवृत्त होऊन घरात बायकोचं डोकं खात होता. त्याची बायको युलियाना, शाळेच्या स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली ढवळून दंड कमावलेली. आणि सबिना, इस्पितळातली नर्स, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, सरळ ताठ बाई. जेम्मा आणि तिचा नवरा बियो शहरात होते तेव्हापासूनची ही मैत्री, एकाच चर्चमधली. दर रविवारी मिस्सा झाली की कोपऱ्यावरच्या दुकानात शेवया खाताना एकच विषय निघायचा. म्हातारपणी आपापल्या फ्लॅटचं दार लावून एकेकट्यानं मरायचं नाही. कुठंतरी गावात जायचं, तीन घरं बांधायची, स्वयंपाकघर एकच ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ एकत्र प्रार्थना करायची, आणि कुणी आजारी पडलं तर ते शेजाऱ्याला वास आल्यावर कळता कामा नये.

बाकीच्यांसाठी ते बोलणं होतं, जेम्मासाठी नव्हतं. तिची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. राजाचे शिपाई ख्रिस्त्यांच्या मागे लागले तेव्हा तिच्या खापरपणज्यानं डोंगरात पळून जाऊन चार कुटुंबांबरोबर मडकी भाजली होती. एका भट्टीवर काम आणि एका चुलीवर जेवण. तिच्या आजीनं हे इतक्या वेळा सांगितलं होतं की जेम्माला माणसानं एरवी कसं राहायचं तेच कळत नसे. बियोचे आईवडील गेल्यावर दोघं त्याच्या गावी, सोत्गोलला, परत आली. गावात एक लहानसं प्रार्थनाघर होतं, फादर महिन्यातून एकदा यायचे आणि एरवी रविवारी जेम्मा, बियो नि तीन म्हाताऱ्या. तेव्हा तिनं शहरात निरोप धाडला, जागा सापडली.

जागा म्हणजे प्रार्थनाघराला लागून असलेलं खालचं शेत. अडचण एवढीच की ते बियो आणि त्याचा थोरला भाऊ दोकसू, दोघांच्या नावावर होतं. सहीऐवजी चालणारा दोकसूदादांचा नावाचा शिक्का कागदावर बसल्याशिवाय तिथं कोंबड्यांचं खुराडंसुद्धा बांधता आलं नसतं. आणि दादा म्हणजे पक्के जुने. आईबापांच्या नावानं सणाला पान मांडणारे, धाकट्यानं बायकोच्या नादी लागून धर्म बदलला हा राग अजून पोटात ठेवलेले. शरदातल्या पौर्णिमेला पान मांडून झाल्यावर जेम्मानं विषय काढला तेव्हा ते नातेवाइकांदेखत हसले होते.

"तीन घरं आन्‌ एक सैपाकघर? अगं, सख्खे भाऊ एका ताटात जेवत न्हाईत. आधी तीन घरांची किमची एका जागी घालून दावा. मी येतो खायला. भांडणाबिगर निभलं नि तोंडात घालण्याजोगी झाली, तर मारतो शिक्का. न्हाईतर परत माझ्यापुढं नाव काढायचं न्हाई."

"बोललात ते बोललात, दादा," जेम्मा म्हणाली होती. "तुमच्याच पाच नातेवाइकांनी ऐकलंय."

सोमवारी तिघं आले. दिवसभर कापणी चालली. बियो आणि माक्सिमो कोयत्यानं बुडखा मारून गड्डे आडवे करत, बायका बाहेरची पानं सोलून ढीग लावत. माक्सिमोची पँट पहिल्या तासातच मागून उसवली आणि तो दिवसभर कुणाकडेही पाठ न करता चालला. युलियाना ढकलगाडी अशी लोटत होती की समोरच्यानं आपला जीव आपण सांभाळावा. सबिनाचे हात मऊ, दुपारपर्यंत तळव्यांना फोड आले, पण ती नर्स. स्वतःच पट्टी बांधून परत वाकली. संध्याकाळी अंगणात गड्ड्यांची भिंत उभी राहिली. जेम्मानं कमरेवर हात ठेवून ती भिंत पाहिली आणि तिला मनापासून वाटलं, जमतंय. ह्या माणसांबरोबर जमणारच.

मंगळवार चिरण्याचा आणि खारवण्याचा. गड्डे उभे चिरायचे, मिठाच्या पाण्यात बुचकळायचे, मग एकेक पान उचलून देठाकडं जाडं मीठ भुरभुरायचं, टबांत रचायचं आणि ताडपत्री टाकायची. हे झालं की थांबायचं. कोबी जरा मऊ पडली की वरनं दुसरं मीठ, तेवढं एकदाच. ते चुकलं तर सगळं चुकलं.

काम करता करता बेत रचणं चालू होतं. सकाळची प्रार्थना उजाडताना की न्याहारीनंतर, यावर माक्सिमो आणि सबिना हमरीतुमरीवर आले.

"उजाडताना माझा घसाच उघडत नाही," माक्सिमो म्हणाला.

"झोपेत चांगला उघडतो," युलियाना म्हणाली. "देवालाही ऐकू जात असेल."

"ह्याचं घर सगळ्यात टोकाला बांधा," बियो म्हणाला. "प्रार्थनाघरापासून लांब."

संडास मात्र प्रत्येकाचा वेगळा, यावर एकमत झालं. मोटार एकच, चालवणार माक्सिमो. मग सबिनानं तिच्या मनात कधीपासून असलेला नियम मांडला. दुसऱ्याचं काम हलकं करायचं, पण त्याला कळू न देता. बोलून दाखवलं की उपकार होतो, आणि उपकारांचा हिशेब सुरू झाला की घर फुटतं.

सगळ्यांना ते फार आवडलं. युलियानाचे तर डोळे भरून आले. जेम्मालाही आवडलं. आजीच्या गोष्टीतली माणसं अशीच असणार, असं तिला वाटलं.

जेवणं झाली तेव्हा तिची पाठ अशी धरली होती की बसल्यावर उठताना भिंत लागत होती. ती म्हणाली, "तुम्ही पडा सगळे. दुसरं मीठ मी पहाटे उठून घालते." आणि सगळे भांडी विसळण्यात गुंतलेत असं बघून, पहाटेची कुणाला काळजी नको म्हणून, ती तेव्हाच मागच्या दारानं अंगणात गेली आणि मीठ घालून आली. कुणालाच काही बोलली नाही. नियमच तसा होता.

सकाळी ताडपत्री काढली आणि तिनं एक पान तोडून तोंडात टाकलं. ते तिला चावताही आलं नाही. थुंकून तिनं दुसऱ्या टबातलं घेतलं, मग तिसऱ्या. पानं चिंध्यांसारखी लोळत होती, देठसुद्धा वाकवलं तर मोडत नव्हतं. आयुष्यभर किमची घातलेला हात, आणि आज नेमका चुकला. दादा दुपारी येणार होते.

"काय झालं गं?" युलियाना दात घासत बाहेर आली.

"ताई, माझा हात चुकला. मीठ जास्त पडलं काल."

युलियानाचा ब्रश तोंडातच थांबला. "तू कशाला घातलंस? तू तर पहाटे घालणार होतीस. म्हणून मी घातलं, झोपायच्या आधी."

दारात उभ्या असलेल्या सबिनानं डोळे मिटून घेतले. "मी पण घातलं," ती म्हणाली. "तुम्ही सगळे झोपल्यावर. वर मीठ दिसत नव्हतं, पाण्यात विरलं असणार."

तिघींनी मिळून मागून आलेल्या बियोकडे पाहिलं. तो मोज्यांकडे बघत होता.

"अहो?" जेम्मा म्हणाली.

"तुझी पाठ दुखत होती ना," बियो पुटपुटला. "मी पहाटेच घातलं. भरपूर घातलं, कमी पडायला नको म्हणून."

माक्सिमो जांभई देत बाहेर आला आणि सगळ्यांची तोंडं बघून दचकला. त्याला सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे रात्रभर घोरला तो मी एकटाच निर्दोष?"

कुणी हसलं नाही. युलियाना पायरीवर बसली आणि तिनं डोक्याला हात लावला. सबिना एकसारखी म्हणत होती, चूक माझी, नियम माझा होता. जेम्माला रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता. तिनं पदर खोचावा तशी ॲप्रनची गाठ घट्ट केली.

"नळ सोडा. सगळे टब रिकामे करा. गोड्या पाण्यात ठेवू, दर घटकेला पाणी बदलू. वरचं मीठ निघेल. देठातलं निघणार नाही, त्याला मुळा लागेल. बिनमिठाचा, जाडजाड तुकडे. मडक्यात थरांमध्ये घातला की तो मीठ ओढून घेतो. मसाल्यात मीठ नाही, खारवलेला जवळा नाही, काही नाही."

"आपला मुळा तर मसाल्यापुरताच आहे," बियो म्हणाला.

"मी बाजारात जाऊन येतो," माक्सिमो म्हणाला. "तासाभरात. दादांना कळणारसुद्धा नाही."

"आज बाजार नाही," जेम्मा म्हणाली. "हिवाळ्यासाठी पुरून ठेवलेला मुळा गावात एकाच्याच खड्ड्यात आहे."

तो कोणाच्या, हे सांगायची गरज नव्हती. बियोचं तोंड पडलं. "जेम्मा, त्याच्याकडं मागायला गेलीस तर तिथंच संपलं सगळं."

"आणि लपवलं तर सुरू होतं होय?" ती म्हणाली आणि बूट घालायला लागली.

दोकसूदादांचं घर गावाच्या वरच्या अंगाला. ते अंगणात चुलीसाठी लाकडं फोडत होते. मागे मडक्यांचा ओटा होता. त्यांची बायको ओकबुन होती तेव्हा ती मडकी रोज पुसलेली, चकचकीत असायची. आता त्यांच्यावर धूळ होती. दाराशी कुरिअरचा एक रिकामा खोका पडला होता. सून शहरातून किमची पाठवते, त्याचा.

"काय गं धाकटे? मी दुपारी येणार हुतो. आत्ताच बोलवायला आलीस?"

"बोलवायला नाही, दादा. मागायला आले. मुळा पाहिजे, ढकलगाडीभर."

दादांनी कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. "मुळा कशाला? मसाल्याला एवढा लागत न्हाई." मग त्यांना उमगलं. किमची घालणाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. "खारट झाली."

"झाली."

"कुणी केली?"

"मी मीठ घातलं, दादा."

ते एकटक बघत राहिले. जेम्मानं नजर खाली घातली नाही. शेजारची बाई भिंतीवरून मान लांब करून ऐकत होती. दादा फावडं घेऊन परसात गेले, पेंढा बाजूला केला आणि खड्ड्यातनं मुळे उपसायला लागले. गाडी भरली तेव्हा जेम्मानं दांडे धरले. दादांनी तिचे हात बाजूला सारले.

"सरक. पाठ धरलीया तुझी, दिसतंय मला."

सारा उतार त्यांनी गाडी एकट्यानं उतरवली. अंगणात शिरले तेव्हा चौघं कोपरापर्यंत थंड पाण्यात. सबिनाच्या पट्ट्या सुटून लोंबत होत्या, युलियानाचे हात मुळ्याहून लाल. बियोनं भावाला पाहिलं आणि तो ताठ उभा राहिला.

"दादा, मीठ माझ्यामुळं जास्त झालं."

"तुझ्यामुळं?"

"नाही, माझ्यामुळं," युलियाना म्हणाली. "मी मूठ मोठी घेतली."

"नियम मी केला होता," सबिना म्हणाली. "आणि मीठही घातलं."

दादांनी गाडी खाली टेकवली. एकेकाकडं बघत त्यांनी सगळी हकिकत काढून घेतली. माक्सिमोनं सांगितली, कारण तो एकटाच धड बोलण्याच्या स्थितीत होता. संपल्यावर सगळ्यांना वाटलं, आता हसतील. जेम्मालाही तीच आशा होती. पण दादांचा चेहरा काळवंडला होता.

"चौघं उठलात," ते म्हणाले. "चौघांनी मीठ घातलं. आन्‌ एकानंबी दुसऱ्याला इचारलं न्हाई, की बाई, झालं का तुझं? एवढा एक शब्द तोंडातनं निघंना?"

"दादा, चांगलं काम बोलून दाखवू नये म्हणून..." सबिना म्हणाली.

"ओकबुन बी बोलून दाखवत न्हवती."

दादा गाडीच्या काठावर बसले. जेम्मानं त्यांच्या तोंडून बायकोचं नाव अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच ऐकलं.

"पोटात दुखायचं तिच्या. मला तरास नको म्हणून सांगायची न्हाई. कोबी धुता धुता उठायची, भिंतीआड जाऊन वाकून बसायची, आन्‌ परत येऊन धुवायला लागायची. मी बघत हुतो. मला वाटायचं, सांगायचं असंल तर सांगंल. तिनं सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई." त्यांनी नाक पुसलं. "लई चांगली माणसं आमी दोघं."

युलियाना रडायला लागली. बियोला काय करावं सुचेना, त्यानं नळ बंद केला. जेम्माला इतकं वाईट वाटलं, आणि त्याच वेळी इतकं स्वच्छ कळलं, की ती विचार न करताच बोलून गेली.

"तो नियम गेला, दादा. आत्ता गेला. आता उलटा नियम. दुखलं तर सांगायचं. पाहिजे ते मागायचं. केलं तेही सांगायचं. मीच सुरू करते. माझी पाठ गेलीय. काल मीठ घालायला वाकले ती दोन्ही हातांनी टब धरून उठले. आज मी मडकं उचलणार नाही. आणि ह्या हिवाळ्यात बियोला नि मला दोघांनाच ही शेती ओढवत नाही. म्हणून मला ही माणसं हवीत. भक्तीसाठी हवीत तशी ह्याच्यासाठीही हवीत."

बियो म्हणाला, "मला प्रार्थनेला उजाडताना उठवत नाही. गुडघे धरतात."

"मला हात दाखवायची लाज वाटत होती," सबिना म्हणाली आणि तिनं फुटलेले फोड पुढे धरले.

"मला मसाल्यात घालायची ती चिकट पेज ढवळायचा कंटाळा आलाय," युलियाना रडत रडत म्हणाली. "उभ्या जन्मात तेच केलं मी."

"मला भूक लागलीय," माक्सिमो म्हणाला. "आणि माझी पँट फाटलीय. सोमवारपासून."

आता मात्र सगळे हसले. युलियाना रडता रडताच हसली. दादा हसले नाहीत, पण त्यांनी बाह्या वर केल्या. "सुरी आण धाकटे. हे मुळं काय आपोआप चिरणार हायेत?"

दुपार कामात गेली. कोबी सातव्यांदा की आठव्यांदा पाण्यातून काढून पिळली, उलटी घालून निथळली. लाल तिखट, लसूण, आलं, पातीचा कांदा, पेज, मुळ्याचा कीस सगळं मोठ्या परातीत कालवलं. पेज माक्सिमोनं ढवळली आणि तळाला लावली, त्यावरून बायकोच्या शिव्या खाल्ल्या. पाच माणसं आणि दादा परातीभोवती उकिडवे बसून पानापानात मसाला भरत होते. रबरी हातमोजे पाच जोड होते. दादांनी ते घ्यायला साफ नकार दिला आणि उघड्या हातांनी भरायला बसले.

"ओकबुनचा हात असाच असायचा," ते मधेच म्हणाले. "पानं दुमडून बाहेरच्या पानानं बांधायची. बाळाला गुंडाळतात तसं."

"तुम्हीही तसंच बांधताय, दादा," जेम्मा म्हणाली.

बियो आणि माक्सिमो मडक्यात थर लावत होते, कोबीचा एक, मुळ्याच्या जाड फोडींचा एक. वारा सुटला तेव्हा काम संपत आलं होतं. जेम्मानं चुलीवरचं उकडलेलं डुकराचं मांस काढून चिरलं, भात वाढला आणि ताज्या किमचीची एक ताटली दादांच्या पुढ्यात ठेवली. आता कुणाच्या हातात काही नव्हतं. मुळा आपलं काम करणार होता ते महिन्या-दीड महिन्यानं. आज चव जी होती ती होती.

दादांनी जेवायच्या काड्यांनी एक घास उचलला. चावला. सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होते. माक्सिमोसुद्धा खायचा थांबला होता.

"खारट हाय," दादा म्हणाले.

"आहे," जेम्मा म्हणाली. तिनं आवाज पडू दिला नाही.

दादांनी भाताचा मोठा घास घेतला, वर किमची, वर मांस. परत भात. वाटी रिकामी करून त्यांनी ती पुढे केली. जेम्मानं भरली. तीही संपली. तिसऱ्यांदा वाटी पुढे करताना ते म्हणाले, "खारट आसलं की भात जास्त लागतो," आणि मग वाटीकडेच बघत, "ह्या तुमच्या सैपाकघरात जेवायचं तर डोस्क्यावर पाणी घ्यावं लागतं का?"

कुणाला पटकन कळलं नाही. जेम्माला कळलं.

"नाही, दादा, बाप्तिस्मा लागत नाही. भूक लागली की सांगावं लागतं, एवढंच."

"रोज?"

"रोज."

दादांनी मान हलवली. मग म्हणाले, "बारक्या, वर जाऊन माझं मोठं मडकं घिऊन ये. धुऊन आण. दोन वरसं रिकामं पडलंय. त्यात भरा माझा वाटा."

"भरून वर पोचवतो, दादा," बियो म्हणाला.

"वर कशाला? हितंच ठेव, तुमच्या रांगंत. रोज एवढा चढ कोन चढणार, एका वाडग्यासाठी?"

बियो काड्या हातात धरून तसाच बसला. सबिनानं छातीवर क्रूसाची खूण केली. युलियाना पुन्हा रडण्याच्या बेतात होती, माक्सिमोनं तिला कोपर मारलं.

"मग शिक्का, दादा?" जेम्मा म्हणाली. तिला आता थांबवत नव्हतं.

"खिशात हाय. सकाळधरनं हाय," दादा म्हणाले. "पन उद्या मारतो. आज हाताला मिरची लागलीया. कागद लाल हुईल."

जेम्मा उठली. पाठीतून कळ गेली, "आई गं" असं ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, आणि कोमट पाण्यात फडकं भिजवून घेऊन आली. ते तिनं बियोच्या हातात दिलं.

"उद्या नाही. आत्ता."

दादांनी धाकट्याकडं पाहिलं. मग दोन्ही हात पुढे केले, लाल, भेगा पडलेले, आणि बियोनं थोरल्या भावाचं एकेक बोट पुसायला घेतलं.